दरडीची चाहूल आधी कशी लागते?

 

आज आम्ही कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही, पापड-मसाल्याच्या विक्रीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे दरडीबद्दल. कुणी म्हणेल, दरड आणि बचत गटाचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या किनाऱ्याकडची गावं बघा. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, तळा, रोहा, कुठेही जा, समोर खाडी नाहीतर समुद्र आणि पाठीला डोंगर. घर डोंगराच्या पायाशी, गोठा त्याच्याही वर, वरकस जमीन उतारावर. कर्ज काढून घेतलेल्या शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सगळं त्याच उतारावर उभं. आणि त्याच घरात आपली पोरं झोपतात.

आधी काही तारखा सांगतो. 25 आणि 26 जुलै 2005 ला महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, 151 जीव गेले. गाव जागेवर नाही ही बातमी बाहेर पोचवली ती सकाळी तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकाने. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळिये गावात कोंडाळकरवाडीवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत. आणि 30 जुलै 2024 ला केरळात वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला या गावांत अडीचशेहून जास्त लोक गेले.

या तारखा पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. 19 जुलै ते 30 जुलै. सगळ्या बारा दिवसांतल्या. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या हिशोबात हा पुष्य नक्षत्राचा पाऊस. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, असं आपण म्हणतोच ना? म्हणजे दरड कुठल्याही दिवशी येऊ शकते, पण तिचा खरा धोका कधी वाढतो हे सांगता येतं. मृगापासून दीड महिना डोंगर भिजत असतो. तो पुरता भरलेला असतो. त्यावर दोन-तीन दिवसांची झड बसली की त्याला पाणी पोटात ठेवायला जागाच उरत नाही.

आता डोंगर घसरतो म्हणजे काय होतं ते समजून घेऊ. आपल्या डोंगरात खाली काळा कातळ आहे. काही ठिकाणी वर जांभा आहे. कातळाच्या अंगावर मुरूम आणि माती बसलेली आहे. पाणी मातीतून झिरपतं, कातळापर्यंत जातं आणि तिथे अडतं, कारण कातळ ते पुढे जाऊ देत नाही. मग पाणी माती आणि कातळाच्या मध्ये साठतं. घासलेल्या ओल्या ताटल्या एकीवर एक ठेवल्या की वरची कशी सटकते? तसंच. मातीचे कण एकमेकांना धरून असतात, मधलं पाणी त्यांना आतून ढकलून ती पकड सैल करतं. वर पाण्याचं वजन वाढतं, खाली पकड सुटते, आणि एका क्षणी सगळा उतार झाडांसकट खाली येतो.

पाण्याचं वजन किती, तोही हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपला एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. म्हणजे 100 मिलिमीटर पाऊस पडला की एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडतं. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. गुंठ्याला एक टँकर, एकराला चाळीस टँकर. इर्शाळवाडीच्या भागात 17 ते 19 जुलै या तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे गुंठ्याला पाच टँकर. त्यातलं काही वाहून जातं, पण बरंच मुरतं. हवामान खातं रेड अलर्ट म्हणतं तेव्हा नुसतं छत्री घ्या असं सांगत नसतं.

मग प्रश्न असा की डोंगराच्या पोटात पाणी किती भरलं हे बाहेरून कळणार कसं? इथे यंत्र कामाला येतं.

उताराला खोल भोकं पाडतात, बोअर मारतो तशीच. त्यात वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर सोडतात. सेन्सर म्हणजे एखादी गोष्ट मोजून कळवणारं छोटं उपकरण. एक सेन्सर मातीतली ओल मोजतो. एक पाण्याचा दाब मोजतो, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पकड सुटायला लागते ती दाबामुळे. एक सेन्सर जमीन किती कलली ते बघतो. तिचा कल केसाएवढा बदलला तरी त्याला कळतं. एक जमिनीची थरथर ऐकतो. वर उघड्यावर पर्जन्यमापक असतो. या सगळ्यांना तारा जोडत बसलं तर पहिल्याच पावसात तुटतील, गुरं ओढतील, उंदीर कुरतडतील. म्हणून ते बिनतारी असतात. एक खांब आपली माहिती रेडिओ लहरींवरून पुढच्या खांबाला देतो, तो त्याच्या पुढच्याला. पाण्याचा हंडा हातोहात पुढे द्यावा तशी माहिती गावाजवळच्या मुख्य पेटीपर्यंत येते आणि तिथून दूरच्या नियंत्रण कक्षात जाते. वीज सौर पट्टीवरून मिळते. उन्हाळ्यात ही यंत्रं बहुतेक वेळ झोपलेली असतात, मधूनच एखादा आकडा पाठवतात. पाऊस वाढला की जागी होतात आणि भराभर आकडे पाठवू लागतात. बॅटरी पुरवायची ही युक्ती.

हे कुणी करून बघितलंय का? बघितलंय. केरळात मुन्नारला अँटोनियर कॉलनी नावाची वस्ती डोंगराच्या उतारावर आहे. तिथे अमृता विश्वविद्यापीठाच्या लोकांनी अशी बिनतारी सेन्सरची जाळी बसवली. 2009 पासून ती चालू आहे. त्या कामाच्या प्रमुख एक बाई आहेत, डॉ. मनीषा रमेश. पावसाळ्यात जमिनीतला दाब वाढल्यावर त्या यंत्रणेने इशारे दिले आणि लोकांना तिथून हलवलं गेलं. पुढे सिक्कीममध्ये गंगटोकच्या चांदमारी भागातही त्यांनी अशीच यंत्रणा उभी केली. तिकडे हिमाचल प्रदेशात आयआयटी मंडीच्या लोकांनी यापेक्षा खूप स्वस्त यंत्र तयार केलं. ते जमिनीची हालचाल आणि ओल मोजतं, फोनवर संदेश पाठवतं आणि रस्त्यावरचा लाल दिवा लावून भोंगा वाजवतं.

आणि फार लांब कशाला जायला पाहिजे? आपल्या जिल्ह्यातून कोकण रेल्वे जाते. 16 जून 2004 ला महाड तालुक्यात करंजाडीजवळ रुळावर दगड आले आणि मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, माणसं गेली. आज पावसाळ्यात त्या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, गस्तीचे कामगार रात्रीचे रूळ चालत बघतात. स्टेशनांवर स्वतःहून नोंद करणारे पर्जन्यमापक आहेत. माणगाव ते वीर दरम्यान काळ नदीच्या पुलावर आणि वीर ते सापे वामने दरम्यान सावित्रीच्या पुलावर पाणी चढलं की कळवणारी यंत्रणा बसवलेली आहे. म्हणजे यंत्राने मोजायचं, माणसाने गस्त घालायची आणि गाडी कधी थांबवायची हे आधी ठरवून ठेवायचं, ही पद्धत आपल्या उंबऱ्याजवळ रोज चालू आहे. रेल्वेगाडीसाठी जे होतं ते वाडीसाठी का होऊ नये, असं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पण मैत्रिणींनो, यंत्र आलं की सुटलो, असं नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवू.

पहिली गोष्ट. यंत्र जिथे बसवलंय तिथलंच सांगतं. शेजारच्या वाडीचा डोंगर वेगळा, त्याची माती वेगळी. सगळ्या डोंगरांवर यंत्रं बसवणं परवडणारं नाही, म्हणून आधी धोक्याच्या गावांची यादी करतात. आपल्या जिल्ह्यात अशी शंभरावर गावं आहेत. पण इर्शाळवाडीचं नाव धोक्याच्या यादीत नव्हतं, हे सरकारनेच सांगितलं. म्हणून आपलं गाव यादीत नाही याचा अर्थ डोंगर भक्कम आहे असा घेऊ नका.

दुसरी गोष्ट. इशारा पोचला पाहिजे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं तेव्हा किती दिवस वीज नव्हती, किती दिवस फोन लागत नव्हते, हे श्रीवर्धन, मुरुडच्या बायांना वेगळं सांगायला नको. तळियेच्या वेळी महाडला सावित्रीचा पूर होता, रस्ते बंद होते, मदतीची पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. म्हणजे ज्या दिवशी इशाऱ्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी टॉवर बंद असण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. नुसत्या मोबाइलवर येणारा इशारा आपल्याला पुरणार नाही. वाडीत स्वतःच्या बॅटरीवर चालणारा भोंगा पाहिजे. भोंगा नसेल तर देवळातली घंटा, ढोल, पत्र्याचा डबा, काहीही, पण ठरलेला आवाज पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. इशारा आला, लोक रात्री निघाले, आणि दरड आलीच नाही, तर? आमच्या बैठकांत हा प्रश्न दरवेळी निघतो. एक ताई म्हणाल्या, “एकदा शाळेत जाऊन झोपू, दोनदा जाऊ, तिसऱ्यांदा सासरे म्हणतील, तुम्ही जा, मी नाय येत.” खरं आहे. लावणीची मजुरी बुडते, गुरं मागे राहतात, ओल्या फरशीवर म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. पण आपण बाळाला पोलिओचा डोस देतो, तेव्हा पोलिओ झाला नाही म्हणून डोस वाया गेला असं म्हणतो का? दरड न येता सकाळी घरी परत आलो तर ती रात्र फुकट गेली नाही, आपण जिवंत घरी आलो. आणि लोकांनी तिसऱ्यांदाही निघावं असं वाटत असेल तर जिथे जायचं ती जागा झोपण्यासारखी केली पाहिजे. ते काम यंत्र करणार नाही, आपण करायचं आहे.

वायनाडचं उदाहरण यासाठी फार शिकण्यासारखं आहे. तिथे कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर नावाच्या संस्थेने गावोगावच्या लोकांकडून रोजचा पाऊस मोजून घ्यायची पद्धत बसवली आहे. शेतकरी, मळ्यातले लोक मापकातलं पाणी बघतात आणि कळवतात. 2020 साली याच आकड्यांवरून धोका दिसला, मुंडक्कईच्या लोकांना हलवलं, दरड आली आणि जीव वाचले. 2024 ला पुत्तुमलाच्या मापकावर दोन दिवसांत 572 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि संस्थेने आदल्या दिवशीच प्रशासनाला धोका कळवला. तरी त्या रात्री माणसं घरात होती. पाऊस मोजणारे तेच, पद्धत तीच, गावही तेच. एकदा इशाऱ्यानंतर माणसं हलली, एकदा हलली नाहीत.

म्हणून यंत्र येवो न येवो, पुढची पाच कामं आपल्या गटांनी हातात घ्यावीत असं आम्हाला वाटतं.

पहिलं काम, पाऊस मोजणं. सपाट तळाची, सरळ भिंतींची, हातभर उंच बरणी घ्या. तोंड रुंद असलं काय, अरुंद असलं काय, भिंती सरळ असतील तर फरक पडत नाही. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको, उघड्यावर घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पोरांच्या पट्टीने पाणी मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. वहीत लिहा, बरणी रिकामी करा. झड लागली तर दिवसातून तीन-चारदा मोजा. हवामान खात्याच्या हिशोबात चोवीस तासांत 115.6 मिलिमीटरपासून पुढे अति जोरदार आणि 204.5 पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. गटाचं हिशोबाचं रजिस्टर आपण दहा-दहा वर्षं न चुकता लिहितो. त्याच हाताला पावसाची वही जड नाही.

दुसरं काम, डोंगर बघणं. मृगाआधी एकदा आणि मोठा पाऊस उघडल्यावर दरवेळी चार-पाच जणींनी मिळून उजेडी फेरी मारायची. लाकूडफाट्याला, गुरांमागे, झऱ्यावर आपणच जातो, बदल आपल्यालाच आधी दिसतो. जमिनीला भेग पडली आहे का? झाड, विजेचा खांब, गडगा कलला आहे का? नवीन जागी पाणी फुटलं आहे का? वाहणारा झरा एकदम आटला आहे का, किंवा गढूळ झाला आहे का? घराचं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं आहे का? भेग दिसली तर दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, मधलं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढच्या फेरीला अंतर वाढलेलं दिसलं तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला लेखी कळवा, फोटोसकट. महागडं यंत्र जे करतं त्यातलं एक काम या दोन खुंट्या करतात. मात्र भर पावसात भेग बघायला कुणी जायचं नाही.

तिसरं काम, घरांची यादी. कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, कोण गरोदर आहे, कोण बाळंतीण, कुणाला चालता येत नाही, कुणाला ऐकू येत नाही. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहा, तिला उठवून घेऊन यायची जबाबदारी कुणाची. गटातल्या बाईची सासू गटाच्या बाईनेच आणावी असं नाही, जवळच्या घराने आणावी. मुंबईला कामाला गेलेल्या पुरुषांच्या भरवशावर ही यादी करू नका. रात्री घरात असेल त्याच माणसाचं नाव लिहा.

चौथं काम, जागा आणि किल्ली. जायचं कुठे ते आत्ताच ठरवा. डोंगराच्या पायथ्याशी नको, ओढ्याच्या काठी नको. बहुतेक वाड्यांत शाळा किंवा समाजमंदिर ठरतं. मग विचारा, किल्ली कुणाकडे? आमच्या ओळखीच्या एका वाडीत शाळा ठरली, पण किल्ली तालुक्याला राहणाऱ्या गुरुजींकडे होती. आता दुसरी किल्ली वाडीतल्या घरी आहे. जागेवर प्यायचं पाणी आहे का, बायकांना जाता येईल असा संडास आहे का, त्यात दिवा आहे का, ताडपत्री, सतरंज्या आहेत का, हे बघा. संडास नाही म्हणून बायका परत घरी जातात, हे फक्त बाईलाच सुचतं. ग्रामसंघाच्या बैठकीत यासाठी काय ठेवता येईल ते ठरवा. आणि कागदपत्रं, बँकेची पासबुकं, औषधं एका प्लास्टिकच्या पिशवीत दाराशी ठेवा. दावणीची गाठ अशी मारा की ओढली की सुटेल, जनावराला सोडून द्यायला एक क्षण पुरला पाहिजे.

पाचवं काम, मागणी. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे ठराव मांडा. आमच्या डोंगराची भूवैज्ञानिकांकडून तपासणी करा. गाव धोक्याचं निघालं तर सेन्सर आणि पर्जन्यमापक बसवा. गाव विकास आराखड्यात त्याचा समावेश करा. आणि ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा. भोंगा वाडीतच वाजला पाहिजे. नेटवर्क गेलं तरी वाजला पाहिजे. देखभाल कोण करणार, त्याचा पैसा कुठून येणार हे आधी ठरलं पाहिजे. आणि यंत्राची काळजी घ्यायचं शिक्षण गावातल्या दोघी-तिघींना मिळालं पाहिजे. पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला, सौर पट्टीवर शेवाळ बसलं, वांदराने पेटी हलवली, तर तालुक्याहून माणूस येईपर्यंत यंत्र आंधळं राहतं. ते पुसायला इंजिनिअर लागत नाही. आणि ज्या घरांना कायमचं हलवणं गरजेचं आहे त्यांना यंत्र दाखवून तिथेच ठेवू नका, हेही लिहा.

शेवटी, निघायचं कधी? रेड अलर्ट असेल, दोन दिवस झड उघडली नसेल आणि आपल्या बरणीतलं पाणी चढतच असेल, तर संध्याकाळी उजेड असतानाच निघा. इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हा रात्र होती. भेग, गढूळ झरा, कललेलं झाड यातलं एक जरी दिसलं तर पावसाच्या आकड्याची वाट बघू नका. डोंगरातून गडगडल्यासारखा आवाज आला, झाडं मोडल्याचा, दगड आपटल्याचा आवाज आला, तर काहीही न घेता बाहेर पडा. उताराच्या रेषेत खाली पळू नका, बाजूला पळा, ओढ्यापासून लांब. एकदा दरड आली की लगेच सामान काढायला परत जाऊ नका, मागून दुसरी येऊ शकते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, आणि 112. दोन्ही नंबर दारामागे खडूने लिहून ठेवा.

येत्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं जास्त बसा. बरणी कोण आणणार, पावसाची वही कोण लिहिणार आणि शाळेची दुसरी किल्ली कुणाकडे राहणार, ही तीन नावं ठरवा, इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. म्हातारा पाऊस सुरू व्हायच्या आधी तेवढं झालंच पाहिजे.